तीन दिवसांचा प्रवास

सन २००० मधील ही गोष्ट आहे. ब्राझील देशाच्या ईशान्य भागातील एका लहानशा गावाहून चौदा वर्षांची एक मुलगी बसने प्रवासाला निघाली. तिला रिओ दि जानेरो या महानगरात जावयाचे होते. हे अंतर सुमारे २,००० किलोमीटरांचे आहे. म्हणजे मुंबईहून कोलकात्यास जावे जवळजवळ तितके. बसने तेथे पोहोचण्यास तीन दिवस लागणार होते. आई, भावंडे, आजी, गावची माणसे ही सर्व मागे राहिली. बरोबर थोडेसे सामान होते आणि मनात एकच इच्छा होती. तिला फुटबॉल खेळावयाचा होता.

एवढ्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण काय, असा प्रश्न तुमच्या मनात सहज येईल. फुटबॉल तर ब्राझीलमध्ये गल्लोगल्ली खेळला जातो. त्या देशाने पुरुषांचा विश्वचषक जितक्या वेळा जिंकला, तितक्या वेळा दुसऱ्या कोणत्याही देशाने जिंकलेला नाही. तेथील लहान मूल चालू लागले, की त्याच्या पायाशी चेंडू येतो असे म्हटले तरी चालेल. मग त्या मुलीला आपल्या गावीच का खेळता येऊ नये? या प्रश्नाच्या उत्तरातच तिच्या जीवनाची कथा आहे.

त्या मुलीचे नाव मार्ता व्हिएरा दा सिल्वा. पुढे सारे जग तिला नुसत्या मार्ता या नावाने ओळखू लागले. तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९८६ रोजी अलागोआस राज्यातील दोइस रियाशोस या गावी झाला. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ ‘दोन ओढे’ असा होतो. परंतु नावावरून तेथे पाण्याची समृद्धी असेल असे मात्र समजू नका. हा प्रदेश अवर्षणाचा आहे. पाऊस बेताचा पडतो, कधी कधी तोही दगा देतो. काटेरी झुडपे, तापलेली माती आणि वर्षातील बराच काळ कोरडी पडणारी नदीनाल्यांची पात्रे, असे तेथील दृश्य असते.

मार्ता चार भावंडांत सर्वांत धाकटी. ती तान्ही असतानाच वडील घर सोडून निघून गेले. चार मुलांचा भार आईवर पडला. तिचे नाव तेरेझा. त्या माउलीने दिवसभर राबून मुलांना वाढविले. घरात पैसा नव्हता, तरी आईची नेटाने काम करण्याची वृत्ती मुलांच्या दृष्टीसमोर सदैव होती. पुढे जगाने मार्ताचे जे अथक परिश्रम पाहिले, त्यांचा पहिला धडा तिने घरीच गिरविला होता.

गावातील मुले सायंकाळी फुटबॉल खेळण्यास जमत. मार्ताही त्यांत जाई. खरा चेंडू मिळाला तर उत्तमच. नाही तर कोणी टाकून दिलेला, हवा गेलेला चेंडू चाले. तोही न मिळाल्यास बाजारातून सामान आणण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरगाळून, एकीत एक घट्ट कोंबून त्यांचा गोळा करावयाचा आणि तोच चेंडू मानावयाचा. असा चेंडू सरळ जात नाही आणि नीट उसळतही नाही. तो कोणीकडे वळेल याचा नेम नसतो. त्याला पायाशी खिळवून ठेवावयाचे, तर नजर आणि पाय अतिशय सावध लागतात. मार्ताच्या डाव्या पायात पुढे जी जादू दिसली, तिची तालीम अशा ओबडधोबड चेंडूंवर झाली होती.

तेथे खेळणारी इतर मुले म्हणजे सारे मुलगेच. मुलगी ती एकटी. त्यामुळे लोक तिला बोल लावीत. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, असे कोणी म्हणे. कोणी तिची थट्टा करी. घरीही सर्वांनाच तिचे खेळणे रुचत होते असे नाही. मार्ता ऐकून घेई, क्वचित रडे, पण दुसऱ्या दिवशी सायंकाळ झाली, की पुन्हा खेळावयास जाई.

येथे ब्राझीलच्या इतिहासातील एक गोष्ट तुम्हांला सांगितली पाहिजे. लोकांचे हे बोलणे केवळ गावंढळ समजुतीतून आले नव्हते. १९४१ साली त्या देशाच्या सरकारने एक हुकूम काढला होता. स्त्रियांच्या प्रकृतीला जे खेळ मानवणार नाहीत ते त्यांनी खेळू नयेत, असे त्यात म्हटले होते. १९६५ साली निषिद्ध खेळांच्या यादीत फुटबॉलचे नाव स्पष्टपणे घालण्यात आले. ही बंदी १९७९ मध्ये उठली. म्हणजे १९५८, १९६२ आणि १९७० या तिन्ही वर्षी ब्राझीलच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला आणि देशभर आनंदाचा जल्लोष झाला, तेव्हा त्याच देशातील मुलींना तोच खेळ खेळण्याची कायद्याने मनाई होती. कायदा बदलला, तेव्हा मार्ताच्या जन्माला सात वर्षांचा अवकाश होता. परंतु कागदावरचा कायदा एका दिवसात पुसता येतो. लोकांच्या मनावर उमटलेला कायदा पुसण्यास फार काळ लागतो.

मार्ता मुलांच्या संघातून खेळू लागली. तिची चपळाई अशी, की मोठमोठ्या मुलांनाही तिच्या पायातून चेंडू काढून घेता येत नसे. जवळच्या एका गावी मुलांच्या संघांची स्पर्धा भरत असे. मार्ता तेथेही खेळली आणि चांगली खेळली. मात्र पुढे एक दिवस प्रतिस्पर्धी संघाचे प्रशिक्षक संतापले. ही मुलगी स्पर्धेत राहणार असेल, तर आपण आपला संघ काढून घेऊ, असे त्यांनी बजावले. स्पर्धा भरविणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. मार्ताला स्पर्धेबाहेर व्हावे लागले.

मुलांनो, या प्रसंगाचा क्षणभर विचार करा. तिने कोणता नियम मोडला होता? ती कोणाशी भांडली नव्हती, तिने कोणाला पाडले नव्हते. ती वाईट खेळत असती, तर तिला घालवून देण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता. ती फार चांगली खेळत होती, हाच तिचा अपराध ठरला. अन्याय नेहमी दुष्ट माणसाच्याच हातून होतो असे नाही. पुष्कळदा तो ‘आजवर असे कधी झाले नाही’ एवढ्याच कारणाने होतो, आणि ज्यांनी तो थांबवावयाचा ती चार भली माणसे त्या वेळी गप्प बसतात.

मार्ताला अतिशय दुःख झाले. तथापि तिने हाय खाल्ली नाही. गावी राहिलो तर आपल्या खेळाला वाव मिळणार नाही, हे तिने ओळखले. सुदैवाने, तिचा खेळ पाहून ‘हिला मोठ्या शहरात नेले पाहिजे’ असे म्हणणारी माणसेही गावाकडे होती. रिओमध्ये स्त्रियांचे संघ आहेत, तेथे परीक्षा घेऊन खेळाडू निवडतात, असे तिला कळले. अशा रीतीने ती त्या बसपर्यंत येऊन पोहोचली.

या प्रसंगाला सतरा वर्षे उलटल्यानंतर, २०१७ साली, मार्ताने एक पत्र लिहिले. ते तिने आपल्या स्वतःलाच, म्हणजे प्रवासाला निघालेल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीला उद्देशून लिहिले आहे. बसमध्ये चढ, मागे फिरू नकोस, असा त्या पत्राचा आशय आहे. यावरून त्या दिवशी तिच्या मनाची किती घालमेल झाली असेल हे लक्षात येते. आज तिची कीर्ती ऐकताना आपल्याला वाटते, की तिचे यश जणू ठरलेलेच होते. पण बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला पुढचे काहीच दिसत नव्हते. निवड झाली नाही, तर तोच तीन दिवसांचा मार्ग तिला उलट कापावा लागणार होता.

रिओमधील ज्या क्लबात तिची परीक्षा झाली, त्याचे नाव ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याचे नाव वास्को द गामा! १४९८ साली समुद्रमार्गाने कालिकतला आलेल्या ज्या पोर्तुगीज दर्यावर्द्याविषयी तुम्ही इतिहासात वाचता, आणि ज्याच्या नावाचे एक शहर आपल्या शेजारी गोव्यातही आहे, त्याच्याच नावाचा हा क्लब. त्या सफरीला चारशे वर्षे झाली तेव्हा, १८९८ साली, रिओमध्ये त्याची स्थापना झाली. तेथे स्त्रियांच्या संघाच्या प्रशिक्षिका हेलेना पाशेको या होत्या.

मैदानावर जमलेल्या मुलींत मार्ता अगदी परकी वाटत होती. ती खेड्यातली, अंगाने बारीक, स्वभावाने इतकी बुजरी की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. परंतु चेंडू पायाशी येताच तिचा सारा संकोच मावळला. जे तिला बोलून सांगता आले नसते, ते तिच्या डाव्या पायाने सांगितले. पाशेको यांच्या पारखी नजरेने तिचे मोल तत्काळ ओळखले आणि तिची निवड झाली. आजवर मुलग्यांत एकटी खेळणारी मार्ता आता प्रथमच मुलींच्या संघातून खेळू लागली.

येथे गोष्ट संपली असती, तर ती गोड झाली असती. परंतु जीवन तितके सरळ नसते. काही काळाने क्लबाने स्त्रियांचा संघच बंद केला. पुरुषांच्या संघाला प्रेक्षक मिळत, पैसा मिळत असे. स्त्रियांच्या संघासाठी पैसा पुरेना. ज्या दारासाठी मार्ताने २,००० किलोमीटर तुडविले होते, ते दार दोन-अडीच वर्षांतच मिटले. आता तिची चूक काय होती? पूर्वी जशी नव्हती, तशी आताही काही नव्हती. तिने सामान बांधले आणि मीनास जेराइस या राज्यातील सांता क्रूझ नावाच्या लहान क्लबात ती दाखल झाली.

या काळातच तिला देशाकडून खेळण्याचा मान मिळाला. २००२ साली कॅनडात एकोणीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा प्रथमच भरली. त्या स्पर्धेत ब्राझीलचा संघ चौथा आला. मार्ता त्या संघात होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, अमेरिकेत स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा झाली. तीत सतरा वर्षांची मार्ता ब्राझीलच्या मुख्य संघातून खेळली आणि तिने तीन गोल केले. उपान्त्यपूर्व सामन्यात स्वीडनने ब्राझीलला २-१ असे हरविले. त्या सामन्यातील ब्राझीलचा एकमेव गोल मार्ताचाच होता.

ब्राझीलचा संघ पराभूत होऊन परतला खरा, परंतु स्वीडनमधील लोक त्या मुलीला विसरले नाहीत. स्वीडनच्या उत्तर भागात उमेओ नावाचे शहर आहे. तेथील स्त्रियांचा संघ त्या वेळी युरोपातील अग्रगण्य संघांपैकी एक होता. त्या क्लबाने मार्ताला बोलावणे पाठविले. आमच्याकडे या, आमच्या संघातून खेळा, आम्ही तुम्हांला वेतन देऊ, असा तो प्रस्ताव होता. व्यावसायिक खेळाडू म्हणजे खेळ हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन असते तो. ज्या खेळापायी गावात बोल खावे लागले, त्याच खेळाच्या बळावर आता ती स्वतःचे व घरच्यांचे पोट भरू शकणार होती.

२००४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मार्ता उमेओला गेली. हा प्रवास पहिल्या प्रवासाहूनही मोठा होता. कोठे विषुववृत्ताजवळचे तापलेले दोइस रियाशोस आणि कोठे उत्तर ध्रुववृत्तापासून थोड्याच अंतरावर असलेले उमेओ! डिसेंबरात तेथील दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो. दुपारीच अंधार पडतो. चोहीकडे बर्फ साचते. उलट, जूनमध्ये रात्र अशी ती होतच नाही. मध्यरात्रीही संधिप्रकाश रेंगाळत राहतो. हवा निराळी, अन्न निराळे आणि भाषेचा एक शब्दही ओळखीचा नाही. अशा ठिकाणी घरची आठवण किती व्याकूळ करीत असेल! त्या थंडीत ती सराव करू लागली आणि हळूहळू स्वीडिश भाषाही शिकली. पुढे तिने ती इतकी आत्मसात केली, की वार्ताहरांच्या प्रश्नांना ती त्याच भाषेत उत्तरे देत असे. २०१७ साली स्वीडनने तिला आपले नागरिकत्वही दिले.

ब्राझीलच्या फुटबॉलचे स्वीडनशी आणखी एक नाते आहे. १९५८ साली पेले नावाचा सतरा वर्षांचा तरुण याच देशात विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि जगाला ठाऊक झाला. आता ब्राझीलच्या एका मुलीला याच देशात आपले गुण दाखविण्याची संधी लाभली होती.

तिने त्या संधीचे सोने केले. २००४ च्या उन्हाळ्यात उमेओच्या संघाने फ्रँकफुर्टच्या संघाला दोन सामन्यांत मिळून ८-० असे नमवून युरोपातील स्त्रियांचा चषक जिंकला. त्यानंतर २००५ ते २००८ अशी लागोपाठ चार वर्षे हा संघ स्वीडनचा विजेता ठरला. दरम्यान ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिक स्पर्धेत ब्राझीलच्या स्त्रियांनी अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. जादा वेळेत अमेरिकेने त्यांना २-१ असे हरविले आणि रौप्यपदक त्यांच्या पदरी पडले. ब्राझीलच्या स्त्रियांनी फुटबॉलमध्ये मिळविलेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

२००६ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहरी एक समारंभ झाला. जगातील सर्वोत्कृष्ट स्त्री फुटबॉलपटू म्हणून तेथे मार्ताचे नाव पुकारण्यात आले. ती व्यासपीठावर आली. पण तिला बोलता येईना. तिचे डोळे भरून आले. तिचे वय त्या वेळी वीस वर्षांचे होते. हा बहुमान तिला २००६ ते २०१० अशी सलग पाच वर्षे आणि पुढे २०१८ मध्ये सहाव्यांदा मिळाला.

२००७ हे वर्ष तिच्या जीवनात दोन कारणांसाठी संस्मरणीय ठरले. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिका खंडातील देशांच्या क्रीडास्पर्धा रिओमध्ये भरल्या होत्या. स्त्रियांच्या फुटबॉलचा अंतिम सामना माराकाना या विख्यात क्रीडांगणावर झाला. १९५० च्या विश्वचषकासाठी बांधलेले हे क्रीडांगण म्हणजे ब्राझीलच्या फुटबॉलचे जणू मंदिरच. त्या दिवशी हजारो प्रेक्षकांनी ते फुलून गेले होते आणि हे सारे प्रेक्षक स्त्रियांचा खेळ पाहण्यास आले होते. ब्राझीलने अमेरिकेला ५-० असे पराभूत केले. पुढे माराकानामध्ये, जेथे थोर खेळाडूंच्या पावलांचे ठसे जतन केले आहेत, तेथे मार्ताच्या पावलांचेही ठसे घेण्यात आले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. सात वर्षांपूर्वी ज्या शहरात ती बसमधून बुजतबुजत उतरली होती, त्याच शहराने तिची पावले जपून ठेवली.

दुसरे कारण म्हणजे त्याच वर्षी चीनमध्ये झालेली विश्वचषक स्पर्धा. उपान्त्य सामन्यात ब्राझीलची गाठ पुन्हा अमेरिकेशी पडली. ब्राझीलने तो सामना ४-० असा जिंकला. त्यातील शेवटचा गोल ज्यांनी पाहिला, ते तो कधी विसरले नाहीत. मार्ताची पाठ गोलाकडे होती आणि एक बचावपटू तिला अगदी खेटून उभी होती. मार्ताने चेंडू पायावर झेलला, हळूच तिच्या एका बाजूने मागे टाकला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने वळसा घालून पुढे धावली. बचावपटूला चेंडू कोठे गेला हेच उमगेना. मग आणखी एकीला हुलकावणी देऊन मार्ताने चेंडू जाळ्यात धाडला. पिशव्यांच्या लहरी चेंडूवर लहानपणी केलेली ती सारी तालीम जणू त्या एका क्षणी फळाला आली.

अंतिम सामना जर्मनीशी झाला. जर्मनीचा संघ एक गोलाने पुढे असताना ब्राझीलला पेनल्टी मिळाली. बरोबरी साधण्याची ती संधी होती. चेंडू मार्ताकडे सोपविण्यात आला. तिने तो मारला. परंतु जर्मन गोलरक्षक नादिने आंगेरर हिने तो अडविला. ब्राझीलचा संघ २-० असा हरला. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू मार्ता ठरली. सर्वांत अधिक, म्हणजे सात गोलही तिचेच झाले. पण विश्वचषक हाती आला नाही. थोर खेळाडूंच्याही वाट्याला असे क्षण येतात. त्या क्षणांनी त्यांची थोरवी उणी होत नाही. कारण चुकण्याचे भय वाटले म्हणून तिने चेंडू दुसरीकडे सोपविला नव्हता.

पदके देण्याच्या वेळी ब्राझीलच्या खेळाडूंनी हाती एक फलक धरला. त्यावर आपल्या देशाला उद्देशून, आम्हांला पाठबळ हवे आहे, अशी विनंती लिहिलेली होती. विचार करा: ज्यांनी देशाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेले, त्यांना पदक स्वीकारतानाही खेळण्याची सोय मागावी लागत होती! ज्या अन्यायाने एका मुलीला गावच्या स्पर्धेबाहेर काढले आणि ज्याने रिओतील संघ बंद पाडला, त्याच अन्यायाविरुद्ध आता सारा संघ बोलत होता. बुजऱ्या मार्तालाही आता बोलण्याचे धैर्य आले होते.

पुढे मार्ताने खेळाच्या मैदानावर पुष्कळ यश मिळविले. २०१९ मध्ये फ्रान्समधील विश्वचषक स्पर्धेत इटलीविरुद्ध गोल करून तिने विश्वचषकातील आपल्या गोलांची संख्या १७ वर नेली. तोवर कोणाही पुरुषाला वा स्त्रीला तेथवर पोहोचता आले नव्हते. मात्र त्याच स्पर्धेत ब्राझीलचा पराभव झाल्यावर तिने या पराक्रमाविषयी एक शब्दही काढला नाही. आपल्या देशातील लहान मुलींना उद्देशून ती कळकळीने बोलली. मार्ता काही कायम खेळत राहणार नाही. स्त्रियांचा फुटबॉल टिकणे तुमच्यावर अवलंबून आहे. म्हणून आधी कष्ट सोसा म्हणजे शेवटी हसू शकाल, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ होता. आणि २०२४ साली असा निर्णय झाला, की २०२७ ची स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये भरावी. ज्या देशाने एके काळी मुलींना चेंडूला पाय लावण्यास बंदी केली होती, त्याच देशाकडे साऱ्या जगातील स्त्रियांच्या स्वागताचा मान आला.

मार्ताची ही कथा वाचून तुम्ही म्हणाल, की जिद्द असली म्हणजे सर्व काही साध्य होते. हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. मार्ताजवळ जिद्द होती, आणि तिचा खेळ पाहून तिला रिओकडे धाडणारी माणसेही होती; तिला निवडणाऱ्या पाशेको होत्या; दूरदेशाहून बोलावणारा उमेओचा क्लब होता. यांपैकी एक दुवा जरी निखळला असता, तरी तिचे नाव आज कोणाला ठाऊक झाले नसते. तिच्याच वयाच्या, तिच्याइतक्याच गुणी अशा किती मुली त्या बसपर्यंत पोहोचूच शकल्या नसतील, याची गणना कोणी केली आहे?

तेव्हा ही कथा ध्यानात ठेवताना तिच्या दोन्ही बाजू ध्यानात ठेवा. तुमच्या अंगी एखादा गुण असेल, तर लोकांच्या बोलण्याला भिऊन तो टाकू नका. आणि तुमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला एखादी मुलगी किंवा एखादा मुलगा नुसता पाहत उभा असेल, तर त्याला हाक मारून आत बोलवा. मार्ताला खेळण्यासाठी तीन दिवसांचा प्रवास करावा लागला. दुसऱ्या कोणाला तो करावा न लागता, चार पावलांवरच मैदान मिळावे, हे तुमच्या हाती आहे.

अभ्यास

१. ‘दोइस रियाशोस’ या नावाचा अर्थ काय? ते नाव आणि तो प्रदेश यांत कोणता विरोध दिसतो?

२. ब्राझीलमध्ये स्त्रियांच्या फुटबॉलवर कोणत्या काळात बंदी होती? त्या काळात तेथील पुरुषांच्या संघाने काय मिळविले?

३. ‘ती फार चांगली खेळत होती, हाच तिचा अपराध ठरला.’ या वाक्यामागील प्रसंग तुमच्या शब्दांत सांगा.

४. स्वीडनमध्ये गेल्यावर मार्ताला कोणत्या अडचणी आल्या असतील? त्यांतून तिने मार्ग कसा काढला?

५. कारणे लिहा : (अ) मार्ताला वास्को द गामा हा क्लब सोडावा लागला. (आ) २००७ साली ब्राझीलच्या खेळाडूंनी हाती फलक धरला.

६. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा : बोल लावणे, हाय खाणे, संधीचे सोने करणे, पदरी पडणे, फळाला येणे.

७. जिद्द असली म्हणजे सर्व काही साध्य होते, हे लेखकाला ‘अर्धेच खरे’ का वाटते? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

८. बसमध्ये बसलेल्या चौदा वर्षांच्या मार्ताने वाटेतून आपल्या आईस पत्र लिहिले, अशी कल्पना करून ते पत्र लिहा.